मावशीचं कोपर

डोळ्यांत थेंब घातल्यावर अर्धा तास डोळे मिटून बसायचं, असं नर्सने बजावून सांगितलं होतं, आणि बाई शहाण्या मुलीसारख्या बसल्या होत्या. पापण्यांच्या आत लालसर अंधार होता, त्यात मधूनच एखादा हिरवा ठिपका सरकत जायचा. मांडीवर पर्स, पर्सच्या तोंडावर दोन्ही हात. उजवा हात थरथरायचा म्हणून त्याच्यावर डावा ठेवलेला. बाकाचं रेक्झिन तापून चिकट झालं होतं. कोणीतरी वर्तमानपत्राची पानं उलटत होतं, वरचा पंखा दर फेऱ्याला एकदा कुरकुरत होता. डोळे मिटले की माणूस नुसता कान होऊन बसतो. शेजारच्या बाईचा फोन वाजला तेव्हा तो आपल्याच पर्समध्ये वाजतोय असं बाईंना वाटलं. "हं, बोल," शेजारीण म्हणाली. "अगं नको, आज मशीन नको लावूस. चार कपडे आहेत, ते हातानंच काढ. का म्हणजे काय? मावशीचं कोपर दिसायला लागलंय. सकाळी बसमधून मी स्वतः बघितलं. आता कंबर दिसायच्या आतच जपायला हवं ना." बाईंनी खाडकन डोळे उघडले. उजेड सुयांसारखा आत घुसला. समोर सगळं विरघळलेलं होतं. शेजारीण म्हणजे पिवळ्या रंगाचा एक मोठा डाग, वर काळं काहीतरी, बहुधा केस. ते कोपर मी काढलंय, असं वाक्य बाईंच्या अगदी जिभेवर आलं. पण पिवळा डाग त्यांच्याकडे वळला आणि मायेने म्हणाला, "आजी, डोळे मिटून घ्या, त्रास होईल." बाईंनी मिटून घेतले.

कोपराला तीन दिवस लागले होते. चेहऱ्याला दोन, खांद्यांना एक आणि एकट्या कोपराला तीन. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण बाईंच्या मांड्यांना त्या पाळण्याच्या फळीचा काच अजून आठवत होता. तलावाच्या भिंतीवरून दोन दोरांनी खाली सोडलेली ती फळी, तिलाच खात्यात पाळणा म्हणत. तिच्यावर बसायचं, डाव्या हाताने दोर धरायचा, उजव्या हाताने रंगवायचं, आणि पायांखाली खूप खोलवर उरलंसुरलं पाणी, चिखलाच्या वासाचं. पाणीखात्यात बाईंचं काम एकच होतं: भिंतीवरच्या मोजपट्टीचे आकडे दरवर्षी नव्याने काढायचे. पांढऱ्या पट्ट्यावर काळा आकडा, एक ते चाळीस. पाणी जसजसं खाली जाईल तसतसं आपण खाली उतरायचं. वीस वर्षं आकडे काढले. आठाची कंबर कशी आवळायची, चाराचा पाय भिंतीच्या खडबडीत सिमेंटवर कसा सरळ ठेवायचा, हे सगळं त्यांच्या हाताने शिकून घेतलं होतं. खात्यात त्यांना आकडेबाई म्हणत. त्या नावात वाईट काही नव्हतं. पहारेकऱ्याला पहारेकरी म्हणायचे, तसंच. पण घरी चहा ओतताना कधीकधी त्यांना वाटायचं, मी मेल्यावर लोक म्हणतील, हिने आयुष्यात सगळ्यात मोठं काय केलं, तर सदतीस काढला. मग त्या एकट्याच हसायच्या. चित्रकलेच्या शाळेत असताना माणसांची शरीरं काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते सगळं एका आठाच्या कंबरेत येऊन थांबलं होतं.

मग ते कोरडं वर्ष आलं. तीन आठवडे नळांतून नुसती हवा सुटायची, घोरल्यासारखा आवाज करत. त्याआधीचे चार महिने खात्याने काय काय नाही केलं? पत्रकं वाटली, गाडीवर भोंगा लावून गल्लीबोळांतून फिरवला, रोजच्या रोज पातळीचा आकडा छापून आणला. लोकांनी गाड्या धुतल्या, अंगणं धुतली, हौद भरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून दिले. बाई पाळण्यावर बसून अठराचा एक आणि आठ भरत होत्या तेव्हा वरून कठड्यावर रेलून एका गृहस्थाने विचारलं होतं, "काय हो बाई, पाणी कमी आहे की जास्त?" त्याचं नाक बरोबर अठराच्या वर होतं. बाईंनी ब्रश खाली केला. राग आला नाही. एक विचित्र लाज वाटली, जणू आपण इतकी वर्षं मोठमोठ्याने ओरडत होतो आणि तोंडातून आवाजच फुटत नव्हता. त्या माणसाला अठरा वाचता येत होतं. अठरा म्हणजे त्याच्या दृष्टीने काहीच नव्हतं. अठराला भूक लागत नाही, अठराचे पाय दुखत नाहीत.

"मुलगी न्यायला आली आहे तुमची," तपासणी आटोपल्यावर नर्स म्हणाली आणि तिने बाईंच्या कोपराला धरून उठवलं. आपलं स्वतःचं कोपर कोणाच्या हातात आहे, याचं बाईंना हसू आलं. मुलगी म्हणाली, "हसतेस काय? घरी जायचं की आधी ऑफिस? त्यांना आज चारला येतो म्हणून कळवलंय. पण तुला काही दिसत तरी आहे का?" "लांबचं दिसतं," बाई म्हणाल्या. "जवळचं नाही." पर्समध्ये पाणीखात्याचं पत्र होतं. दोनच ओळी: तलावाच्या भिंतीवरील चित्रासंबंधी बोलायचे आहे, सवडीने भेटावे. आठवडाभर बाईंनी ते पत्र दिवसातून दोनदा काढून वाचलं होतं. चित्रासंबंधी बोलायचे आहे, असं कोणी लिहिलं की चित्र जाणार, एवढं त्यांना नोकरीच्या अनुभवावरून कळत होतं. गाडीत त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मुलीने न विचारताच तलावाकडचा रस्ता घेतला, हे वळणावरून समजलं. "बघायचंय?" मुलगी म्हणाली. बाईंनी काच खाली केली. लांबचं दिसत होतं. पाण्याच्या पलीकडे करडी भिंत, आणि भिंतीवर तीनमजली उंचीचं बाईमाणूस: केस मागे बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले, डाव्या कमरेवर बादली टेकवलेली आणि बादलीला वेढा घातलेला हात. त्या हाताचं कोपर पाण्याच्या वर आलं होतं. खाली ओली काळी रेघ, तिच्याखाली पाणी. कमरेपासून खालची ती सगळी अजून पाण्यात उभी होती. हीच मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. चित्र पुरं झालं त्या दिवशी रस्त्यावरून तिने बोट दाखवून जी किंकाळी फोडली, "अय्या, मावशी!", ती आसपासच्या दहावीस जणांनी ऐकली आणि त्या दिवसापासून भिंतीवरची बाई सगळ्या शहराची मावशी झाली.

आणि खरं म्हणजे तिथेच सगळी गोची होती. ती बाईंची थोरली बहीण होती. ताई. बाईंहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर बाईंची वेणी घालणारी, शाळेचा डबा भरणारी, पहाटे कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर रांगेत उभी राहणारी. बाईंची सगळ्यात जुनी आठवण म्हणजे दारात उभी असलेली ताई, कमरेवर बादली, अंगावर उडालेलं पाणी, आणि "सरक गं मधून, सांडेल" हे शब्द. पुढे ताई पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या धोबीखान्यात होती. सोड्याने तिची कोपरं पांढुरकी पडली होती, भेगाळली होती, तिथल्या कातडीला वाळलेल्या मातीसारखा पोत आला होता. तीन दिवस बाई तो पोत पकडायला धडपडत होत्या. राखाडीत पिवळा मिसळला, मग पुसला, मग कोरड्या ब्रशने पांढरा ओढला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फळीवर मागे रेलून बघितलं तर भिंतीतून ताईचं कोपर बाहेर आलं होतं. दोर धरलेला असताना माणसाला टाळी वाजवता येत नाही; बाईंनी पाय हलवले होते हवेत, लहान पोरीसारखे. तेव्हाच्या साहेबांनी परवानगी देताना वर बघितलंही नव्हतं: "काढा हो, नाहीतरी पाण्याखालीच जाणार आहे." शिल्लक रंगाचे डबे मिळाले होते. परवानगी साहेबांची घेतली, रंग भांडारातून घेतला, पाळणा पहारेकऱ्याकडून घेतला. ताईला मात्र विचारलं नाही. सुचलंच नाही विचारायचं. आपल्या आठवणीतलं काढायला कोणाची परवानगी कशाला, असं वाटलं असेल. किंवा ती नाही म्हणेल, हे पोटात कुठेतरी ठाऊक होतं. या दोन्हींतलं खरं कोणतं, ते चोवीस वर्षांत बाईंना ठरवता आलं नव्हतं. ताई भांडली नाही. एकदाच म्हणाली, "मला पाण्यात उभं केलंस होय गं? माझे गुडघे दुखतात, माहीत आहे ना तुला?" सगळे हसले होते. पण त्यानंतर ताईने तलावावरून जाणारी बस सोडली ती सोडलीच. दोनदा गाडी बदलून, लांबचा वळसा घालून जायची, पण त्या रस्त्याने नाही.

मुख्य अभियंता चाळिशीच्या आतला होता. त्याचा चेहरा बाईंना दिसत नव्हता, पण पेनचं टोपण चावल्याचा आवाज येत होता, आणि त्यावरून तो साधा असावा असं त्यांनी ठरवून टाकलं. "थेंब घातलेत डोळ्यांत," मुलीने सांगितलं, "त्यांना जवळचं दिसणार नाही." "अरेरे," तो म्हणाला, "मला तर एक कागदच दाखवायचा होता."  मग खुर्ची सरकली, तो टेबलाला वळसा घालून आला आणि बाईंच्या शेजारी उभा राहिला. "बाई, बोट द्या तुमचं." त्याने बाईंची तर्जनी धरून कागदावर टेकवली. उजवा हात होता, थरथरणारा, पण त्याने धरल्यामुळे थरथर थांबली. "हा शहराच्या पाणीवापराचा आलेख आहे. गेल्या वर्षीचा. आपण हिवाळ्यापासून निघालो. ही पातळी बत्तीसच्या खाली गेली. रेघ काय करते?" बोट सरळ सरकलं. "सरळ जाते," बाई म्हणाल्या. "एकतीस. तीस. पेपरात आकडा रोज येतोय. काय झालं?" "सरळ." "आता इथे," आणि बोट एकदम खाली घसरलं, जिन्याची पायरी चुकावी तसं. बाई दचकल्या. "इथे काय आहे?" "खांदा," अभियंता म्हणाला. "त्या दिवशी मावशीचा खांदा पाण्याबाहेर आला. पुन्हा सरळ, सरळ, सरळ. ही दुसरी पायरी. कोपर. आणि ही सगळ्यात मोठी, कंबर. मी अठरा वर्षांचे आलेख काढून बघितले. सगळ्यांत पायऱ्या आहेत आणि त्याच जागी आहेत. शहर दीडपट झालं. नळ कोरडे पडले नाहीत." बाईंनी बोट कागदावरून उचललं नाही. तुम्हांला कसं कळलं की हे चित्रामुळे, असं त्यांनी विचारलं, कारण विचारायला हवं होतं. टोपण चावल्याचा आवाज आला. "पक्कं नाही सांगता येणार," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण दुसरं कारण शोधून मी थकलो. आमच्याकडे न्हावी आहे, तो कंबर दिसली की डोकं धुवायचं बंद करतो, कोरडेच केस कापतो. शाळेत खेळाच्या मैदानाला खांद्यानंतर पाणी मारत नाहीत. हे आम्ही कोणाला सांगितलेलं नाही. कुठे लिहिलेलंही नाही. माझी स्वतःची मुलगी मला सांगते, बाबा, कोपर."

बाईंच्या छातीत काहीतरी मोठं होत होतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना समजत नव्हतं. अभिमान म्हणावा तर त्या शब्दाला ताठ मानेची सवय असते, आणि त्यांची मान खाली झुकली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते थेंबांचंही असेल. मी तुमचं पाणी वाचवायला काही काढलं नव्हतं, असं त्यांना त्याला सांगावंसं वाटलं. मी आकड्यांना कंटाळले होते. मला एकदा, फक्त एकदा, माणूस काढायचं होतं. पण तेवढ्यात त्यांना वाटलं, की हेही पुरतं खरं नाही. अठरावर नाक ठेवून विचारणारा तो गृहस्थ नसता तर त्यांनी माणूस काढलं असतं, पण पाण्यात उभं केलं नसतं. हे चालू असताना अभियंता दुसरंच काहीतरी बोलू लागला होता आणि त्याचा आवाज बदलला होता. भिंत झिरपत होती. तळापासून दोन ठिकाणी. रोज एका वस्तीला पुरेल इतकं पाणी जमिनीत जात होतं. या उन्हाळ्यात पातळी खाली आहे तोवर उरलेलं पाणी शेजारच्या लहान तलावात सोडायचं, भिंत तळापर्यंत उघडी करायची, आणि वरपासून खालपर्यंत लेप चढवायचा. काळपट, जाड लेप. "म्हणजे मावशी जाणार," मुलगी म्हणाली. "जाणार," तो म्हणाला. "आणि नेमकी गुडघ्याच्या दिवसांत जाणार, तेव्हाच तिची सगळ्यात गरज. म्हणून बोलावलं. बाई, लेप वाळला की ती परत काढायची आहे."

बाईंनी डाव्या हाताखालून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. तो कागदावर पानासारखा सळसळत राहिला. "हा बघा," त्या म्हणाल्या. "या हाताला आता सही सुद्धा जमत नाही. बँकेत अंगठा देते मी." "रंग भरायला आमची माणसं आहेत," अभियंता म्हणाला. "रेघ तुमची हवी. किंवा मग जुना फोटो आहे, त्यावरून मोठं करून हुबेहूब उतरवता येईल. तसं काही अवघड नाही." खरंच अवघड नव्हतं. बाईंनी हो म्हटलं असतं तर ते दोन आठवड्यांत झालं असतं, बाईंनी घरी बसून चहा प्यायला असता, आणि ताई लांबच्या वळशाने आयुष्यभर जात राहिली असती. "आधी विचारायला हवं," बाई म्हणाल्या. "वरची मंजुरी माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "तुम्हांला नाही हो. तिला. मावशीला." पेनचं टोपण खाली पडलं. ते घरंगळत जाण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "मावशी आहे?" त्याने विचारलं, आणि टोपण उचलायला वाकलेला तो पुन्हा सरळ उभा राहिला. "म्हणजे खरोखरची आहे? इथे? या शहरात राहते?" "तिसऱ्या मजल्यावर," मुलगी म्हणाली. "लिफ्ट बंद असते."

ताई गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगाने बारीक झालेली, पण पाठ अजून ताठ. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या तेव्हा डोळे निवळले होते आणि सगळं जरा जास्तच स्पष्ट दिसत होतं: खिडकीतला पाण्याचा तांब्या, भिंतीवरचं धोबीखान्यातल्या बायकांचं जुनं छायाचित्र, टबावरचे ताईचे सुजलेले गुडघे. बाईंनी आलेखाचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं, न्हाव्याचं सांगितलं. ताई ऐकत होती. चेहरा भिंतीवरच्यासारखाच, ओठ मिटलेले. शेवटी बाई म्हणाल्या, "मी तेव्हा तुला विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं." "हवं होतंच," ताई म्हणाली. टबातलं पाणी जरा हललं. "तुला काय माहीत काय काय ऐकलंय मी ते. सगळं गाव माझी कंबर मोजतं. धोबीखान्यात पुरुष म्हणायचे, आज तुझ्या छातीपर्यंत आलंय बरं का पाणी. दात काढायचे मेले. मी चादरी पिळत राहायचे. कोणाला सांगणार? माझ्याच बहिणीनं मला चव्हाट्यावर उभं केलंय म्हणून?"  उजवा हात मांडीवर उडत होता आणि त्यांनी तो झाकला नाही. हे चोवीस वर्षं ताईच्या पोटात होतं, आणि बाई दर महिन्याला इथे येऊन याच खुर्चीवर बसून चहा पिऊन गेल्या होत्या. आपल्याला दिसत नाही ते जवळचं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची कीव आली, नंतर स्वतःची कीव करण्याचा राग आला.

"आणि सांगू का," ताई पुढे म्हणाली, आवाज खाली आणून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये तसा. "तिसऱ्या वर्षी कंबर दिसली तेव्हा आमचा मुकादम म्हणाला, चादरी नेहमीसारख्याच पाच पाण्यांतून काढा. मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हटलं, मी तिकडे कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे आणि तुम्ही इकडे पाच पाणी करता? शेवटच्या धुण्याचं पाणी स्वच्छ असतं, ते चादरींच्या पुढच्या घाण्याला पहिलं वापरा. सगळ्या बायका माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. मशीन बंद करून उभ्या. मुकादमाला ऐकावं लागलं. अजून तिथं तसंच चालतं म्हणे, मी सोडून अठरा वर्षं झाली तरी." बाई म्हणाल्या, "मला कधी बोलली नाहीस." "तू विचारलंस कधी?" ताई म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, लहानपणी रांगेत हसायची तसं हसली. "मेलं वैताग आहे बघ. माझ्या नावानं अख्खं गाव पाणी जपतं आणि मी आंघोळीला दुसरी बादली घेतली की मला चोरी केल्यासारखं वाटतं. हा टब बघतेस ना? हे पाणी मग झाडांना जातं." हसून झाल्यावर तिने एक पाय टबातून काढून टॉवेलवर ठेवला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा दरवाजा आपटला. "काढ," ताई म्हणाली. "पण या वेळी बसवून काढ. आणि आत्ता आहे तशी काढ, म्हातारी. ती पन्नाशीची माझी मला ओळखू येत नाही. आणि ती बादली नको. आयुष्यभर उचलली. हात मोकळे काढ माझे."

बसवून काढायचं म्हटल्यावर अभियंत्याची तारांबळ उडाली. जुन्या खांद्याच्या जागी आता डोकं येणार, जुन्या कमरेच्या जागी हनुवटी. लोकांना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागणार. "एक उन्हाळा गोंधळ होईल," तो म्हणाला. "होऊ दे की," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वीस वर्षं आकडे काढलेल्या डोक्याने सगळा हिशेब त्याच्यापुढे मांडला: हनुवटी कुठल्या फुटावर, मांडीवर ठेवलेले हात कुठे, गुडघे कुठे. गुडघे उघडे पडले तर आठवड्यातून चारच दिवस पाणी सोडावं लागेल, असा गुडघ्यांचा फूट त्यांनी नेमून दिला. अभियंता लिहून घेत होता. बाईंना एकदम जाणवलं की आपला तो सदतीस आणि तो अठरा वाया गेलेले नाहीत; ते सगळे आकडे त्यांच्या आत नीट रचून ठेवलेले होते, आणि आता त्यांच्यावर माणूस बसवायचं होतं.

लेप वाळला त्या आठवड्यात त्या दोघी तळात उतरल्या. पाणी सोडून दिलेल्या तलावाचा तळ असा असतो हे ताईने कधी बघितलं नव्हतं: भेगाळलेला चिखल, त्यात एक बूट, सायकलचं चाक, शिंपल्यांची पांढरी रांग. उतरणीवरून खाली यायला तिला अर्धा तास लागला, एका बाजूने मुलगी, दुसऱ्या बाजूने अभियंता. भिंतीच्या पायथ्याशी फळ्या टाकून खुर्ची ठेवली होती. ताई बसली. हात मांडीवर ठेवले, मग ते बरे दिसत नाहीत म्हणून उचलले, मग पुन्हा ठेवले. समोर पन्नास फूट उंच काळी भिंत, तिच्यावर दोरीने आखलेल्या पांढऱ्या चौकटी. बाईंनी आधी कागदावर काढून बघितलं आणि कागदावर जमलं नाही. मनगट ऐकत नव्हतं. गालाची रेघ करवतीसारखी आली. त्यांनी कागद गुंडाळला. अभियंता दूर बघू लागला. मुलगी पुढे यायला निघाली, तिला त्यांनी नजरेने थांबवलं. मग त्यांनी खडूचा मोठा तुकडा एका लांब काठीच्या टोकाला बांधून मागितला. शाळेत कधीतरी शिकवलेलं होतं, की मोठी रेघ मनगटाने काढत नाहीत, खांद्याने काढतात. सत्तराव्या वर्षी त्यांना पाळण्यावर चढवायला कोणी तयार नव्हतं. त्या स्वतःच चढल्या. या वेळी चारी बाजूंनी पट्टे लावलेले होते, दोर धरायची गरज नव्हती. दोन्ही हात काठीवर ठेवून त्यांनी पूर्ण खांदा फिरवला. काठीचं टोक भिंतीवरून गेलं. थरथर मनगटापाशी होती, बोटांपाशी होती. खांद्यापर्यंत ती पोचलेलीच नव्हती. ताईच्या पाठीची रेघ, मानेपासून खुर्चीपर्यंत, एका दमात उतरली. चौदा फुटांची. बाईंनी श्वास सोडला. अंगात अशी ताकद आली की वाटलं, हे पस्तिसाव्या वर्षी का नाही कळलं, आणि लगेच वाटलं, कळलं हेच खूप झालं. खाली वाकून त्यांनी बघितलं. ताई मान वर करून बघत होती, आपलीच पाठ इतकी मोठी, इतकी ताठ.

दुपारपर्यंत डोकं, मान, मांडीवरचे मोकळे हात झाले होते. गुडघे त्यांनी मुद्दाम सावकाश काढले, सुजेसकट. वर रस्त्यावरचा कठडा भरत चालला होता. बसमधून उतरून लोक उभे राहत होते, दुकानांतून येत होते, कोणी मुलाला खांद्यावर घेतलं होतं. नवीन बाई भिंतीवर उगवताना बघून आधी सगळे गप्प होते. बसलेली, म्हातारी, बादली नसलेली. कोणाला पटत नव्हतं, कोणाला पटत होतं, कुजबुज खालपर्यंत येत होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की भिंतीवर आहे तीच खाली खुर्चीवर बसली आहे. कुजबुज थांबली. कठड्यावरून एका बाईचा आवाज आला, जरा बिचकत, देवळात मोठ्याने बोलावं की नाही तशा सुरात: "मावशी?" त्यानंतर दुसरा, मग एकदम पंचवीस-तीस आवाज. पाळण्यावर बाईंच्या हातातली काठी थांबली. ताईने चोवीस वर्षं त्या हाकेला ओ दिली नव्हती. रस्त्यात कोणी तिला कधी ओळखलं नव्हतं, आणि कोणी ओळखू नये म्हणून ती वळसे घालत फिरली होती. तिने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. मुलगी धरायला धावली, तिला तिने बाजूला केलं, आणि ती हळूहळू, एकेक गुडघा सावरत, स्वतःच्या प्रचंड चित्राखाली उभी राहिली. हात कपाळावर आडवा धरून तिने वर बघितलं, सगळ्या कठड्यावरून नजर फिरवली, आणि धोबीखान्याच्या मशीनच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या खणखणीत आवाजात ती ओरडली, "काय हो, सगळे इथं येऊन उभे राहिलात! घरचे नळ बंद करून आलात ना?" अख्खा कठडा हसला. त्या हसण्यात मागच्या बाजूने दोनतीन माणसं खरोखरच वळून घराकडे पळताना बाईंना वरून दिसली.